जागवणे आणि जगवणे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अमरावतीला विज्ञान शिक्षकांचे एक छोटे शिबिर झाले. 'मज्जासंस्था आणि औषधे' या विषयावर मला बोलायचे होते. मधल्या चहाच्या वेळी दर्यापूरकडच्या एका शाळेतील बाई जवळ आल्या आणि त्यांनी एक प्रसंग सांगितला.

त्यांच्या वर्गातील एका मुलाच्या घरी गुरांच्या गोचिडांवर लावायचे औषध खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवले होते. रात्री वीज गेलेली. मुलाला खोकल्याची उबळ आली आणि अंधारात त्याने त्या बाटलीतून घोटभर औषध घेतले. तासाभरात तो पेंगू लागला, मग हाक मारूनही उठेना. शेजारीपाजारी जमले. "त्याले निजू देऊ नका, कडक चहा पाजा," असे कोणीतरी म्हणाले. दोघांनी त्याला धरून बसवले आणि तिसऱ्याने चमच्याने चहा तोंडात सोडला. थोडा पोटात गेला, थोडा श्वासनलिकेत. मुलगा वाचला. विषाची गुंगी दीड दिवसात उतरली, पण चहा फुप्फुसात गेल्याने जो न्यूमोनिया झाला तो बरा व्हायला दोन आठवडे लागले.

बाईंचा प्रश्न सरळ होता. "सर, गुंगी आणणाऱ्या विषावर तरतरी आणणारे औषध हाच उतारा असायला हवा ना? लोकांचा तर्क चुकला कुठे?"

मी त्यांना म्हटले, बाई, तुमच्या गावातल्या लोकांनी जो तर्क केला तोच जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी केला होता. तो पुरता सोडून द्यायला त्यांनाही काही दशके लागली. ही हकिगत शिक्षकांनी समजून घेण्यासारखी आहे. तिच्यात रसायनशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे आणि 'तुलना कशी करावी' हा विज्ञानाचा अगदी मूळचा धडाही आहे.

गुंगी म्हणजे काय होते?

आपल्या मेंदूतील चेतापेशी एकमेकींना दोन प्रकारचे निरोप देतात. काही निरोप 'चल' असे सांगतात, तर काही 'थांब' असे. थांबण्याचा निरोप देणाऱ्या रसायनांपैकी सर्वांत महत्त्वाचे रसायन म्हणजे गाबा. चेतापेशीच्या आवरणावर गाबासाठी ठरावीक जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. गाबा तेथे येऊन बसला की आवरणातील एक सूक्ष्म दार उघडते, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि ती पेशी शांत होते.

शेतातील पाटाचे दार डोळ्यासमोर आणा. गाबा हा ते दार गरजेपुरते उघडून लगेच बंद करणारा शेतकरी आहे. बार्बिट्युरेट वर्गातील शामक औषधे एकदा उघडलेले दार जास्त वेळ उघडे धरून ठेवतात. औषधाचे प्रमाण फार वाढले तर शेतकरी नसतानाही दार उघडते. सगळे शेत पाण्याखाली जाते, म्हणजेच सगळा मेंदू शांत होत जातो. आधी झोप लागते, मग बेशुद्धी येते आणि शेवटी मेंदूच्या तळाशी असलेले श्वासाचे केंद्रही मंदावते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. असा रुग्ण झोपेने मरत नाही. त्याची जीभ मागे पडून हवेची वाट अडते, खोकण्याची प्रतिक्रिया गेल्यामुळे लाळ व उलटी फुप्फुसात उतरते आणि श्वास उथळ होत थांबतो. मरण येते ते श्वासाच्या वाटेने. ही गोष्ट मनात ठेवली तर पुढची सगळी हकिगत सोपी होते.

कोरामीनचे दिवस

बार्बिट्युरेट औषधांपैकी व्हेरोनाल हे पहिले औषध १९०३ साली वापरात आले. १९१२ साली फिनोबार्बिटल आले. आपल्याकडे ते गार्डिनाल या नावाने अनेकांना माहीत आहे आणि फेफऱ्यावर आजही दिले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात झोपेच्या गोळ्या म्हणजे मुख्यतः याच वर्गातील गोळ्या असत. त्यांचा वापर वाढला तशी त्यांची विषबाधाही वाढली.

डॉक्टरांपुढे प्रश्न आला, की उतारा कोणता? उत्तर समोर दिसत होते. मेंदू मंद झाला आहे, तर त्याला चाबूक मारा! मग उत्तेजक औषधांची एक रांगच उभी राहिली. काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन आणि चहा-कॉफीतील कॅफीन ही जुनीच होती. १९२०च्या दशकात निकेथामाइड आणि कार्डियाझोल आली. निकेथामाइडचे व्यापारी नाव कोरामीन. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी हा शब्द हमखास असे. 'डॉक्टरांनी कोरामीनचे इंजेक्शन दिले' म्हणजे शेवटचा प्रयत्न झाला, असा त्याचा अर्थ. पुढे ॲम्फेटामीनचाही प्रयोग झाला.

या रांगेतील पिक्रोटॉक्सिन हे औषध तर आपल्याच मुलखातील वनस्पतीचे. काकमारी नावाची मोठी वेल पश्चिम घाटातील जंगलात वाढते. तिची फळे कुटून पाण्यात टाकली की मासे भोवळ येऊन वर येतात, म्हणून मासे पकडण्यासाठी ती पूर्वीपासून वापरली जात. या फळांतील कडू विष म्हणजे पिक्रोटॉक्सिन. अमेरिकेत मॅलोनी, फिच आणि टेटम या संशोधकांनी १९३१ साली प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे, बार्बिट्युरेटच्या विषबाधेवर ते उतारा म्हणून मांडले. कल्पना अशास्त्रीय नव्हती. पिक्रोटॉक्सिन काय करते हे आज आपल्याला माहीत आहे. बार्बिट्युरेट ज्या दाराला उघडे धरते, नेमके तेच दार पिक्रोटॉक्सिन बुजवून टाकते. कागदावर याहून चांगला उतारा सापडणे कठीण!

कागदावर जुळले, मग बिनसले कुठे?

पहिली अडचण मापाची. पिक्रोटॉक्सिन पाटाचे दार बुजवते ते धोंडा टाकून, आणि धोंडा सगळ्या दारांत सारखा पडत नाही. मेंदूचा एक भाग अजून पाण्याखाली असताना दुसरा भाग पार कोरडा पडतो. 'थांब' हा निरोपच जेथे पोचत नाही तेथील पेशी बेफाम होतात आणि रुग्णाला झटके येतात. जागे करणारे माप आणि झटके आणणारे माप यांत अंतर फारच थोडे होते. कार्डियाझोलची गोष्ट तर बोलकी आहे. १९३४ पासून बुडापेस्टमध्ये मेदुना हे डॉक्टर मनोरुग्णांना उपचार म्हणून मुद्दाम झटके आणत. आधी त्यांनी कापूर वापरला, नंतर कार्डियाझोल. म्हणजे एका रुग्णालयात जे औषध उतारा म्हणून टोचले जात होते, तेच दुसऱ्या रुग्णालयात झटके आणण्यासाठी टोचले जात होते. झटके आले की शरीराला प्राणवायू जास्त लागतो, आणि या रुग्णाला तर तो मुळातच कमी पडत असतो.

दुसरी अडचण काळाची. उत्तेजकाने बार्बिट्युरेट शरीराबाहेर जात नाही. ते काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे आपल्या गतीनेच करतात. फिनोबार्बिटलसारख्या औषधाला काही दिवस लागतात. पिक्रोटॉक्सिन, कोरामीन यांचा अंमल मात्र त्याच्या तुलनेत थोड्याच वेळात ओसरतो. रुग्ण क्षणभर डोळे उघडतो, नातेवाइकांना हायसे वाटते आणि तो पुन्हा बुडतो. मग पुन्हा इंजेक्शन, पुन्हा झटक्यांचा धोका.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म होती. डॉक्टर मोजत काय होते? 'कोणत्या औषधाने रुग्ण लवकर हलला, किती मिनिटांत पापणी लवली, श्वासाची गती किती वाढली' यावरून उत्तेजकांची एकमेकांशी तुलना चाले. हे मोजायला सोपे होते आणि त्यातून एक औषध दुसऱ्यापेक्षा सरस ठरतही होते. पण 'उत्तेजक दिलेच नाही तर किती रुग्ण वाचतात?' ही तुलना पुरेशी होत नव्हती. चार घोड्यांत कोणता वेगवान हे पाहताना गाव घोड्याच्या रस्त्यावर आहे की नावेच्या, हे विचारायचेच राहून गेले.

कोपनहेगनचा निर्णय

हा प्रश्न डेन्मार्कमध्ये विचारला गेला. कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयात १९४९ साली विषबाधेच्या रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. तेथे क्लेमेसेन आणि निल्सन या डॉक्टरांनी उत्तेजके देणे बंद केले. त्याऐवजी त्यांनी साध्या दिसणाऱ्या गोष्टींवर सगळे लक्ष लावले. श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, घशातील लाळ ओढून काढायची, प्राणवायू द्यायचा, श्वास पुरेसा नसेल तर तो बाहेरून द्यायचा, रक्तदाब सांभाळायचा, ठरावीक वेळाने रुग्णाची कूस बदलायची. आणि वाट पाहायची. विष काढण्याचे काम रुग्णाच्या यकृतावर व मूत्रपिंडांवर सोपवायचे.

पूर्वी अशा रुग्णांपैकी सुमारे २० टक्के दगावत. या पद्धतीने ते प्रमाण १ ते २ टक्क्यांपर्यंत खाली आले. पुढे ही रीत 'स्कँडिनेव्हियन पद्धत' म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली.

पण विज्ञानाच्या शिक्षकाने येथे जरा थांबावे. ही 'आधी आणि नंतर' अशी तुलना होती. त्याच काळात पेनिसिलिन सर्रास मिळू लागले होते आणि न्यूमोनियाचे मृत्यू त्यानेही कमी झाले असतील. भूलतज्ज्ञांचे कौशल्यही वाढत होते. म्हणून 'उत्तेजके बंद केल्यानेच मृत्यू घटले' असे म्हणणे बरोबर होणार नाही. एक गोष्ट मात्र निश्चित सिद्ध झाली. उत्तेजकांशिवाय शंभरातील अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव रुग्ण वाचतात. मग झटक्यांचा धोका पत्करून ती द्यायची कशासाठी?

तरीही जुना मोह लगेच सुटला नाही. १९५०च्या दशकाच्या मध्याला ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथून बेमेग्राइड हे नवे औषध आले. बार्बिट्युरेटवरील खास उतारा म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले. अनुभवांती कळले, की हेही आणखी एक उत्तेजकच आहे. त्याचाही वापर मागे पडला.

कोपनहेगनचेच आणखी एक देणे आहे. १९५२ साली तेथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची योजना ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी केली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशवी दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तेथे झाली असे मानतात. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, रुबेन आणि हेस या जोडीची आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आली. तीच आपल्या रुग्णालयांतील 'अंबू बॅग'. गुंगीच्या विषावरचा उतारा शोधता शोधता माणसाच्या हाती लागला तो हा, हाताने दाबायचा श्वास.

वर्गासाठी एक गणित

उत्तेजके इतकी वर्षे 'गुणकारी' का वाटली असतील? पुढील उदाहरण काल्पनिक आहे, पण नववी-दहावीच्या मुलांकडून करवून घेण्यासारखे आहे.

समजा, तालुक्याच्या एका दवाखान्यात सर्व रुग्णांना उत्तेजक देतात. तेथे सौम्य विषबाधेचे ८० रुग्ण आले, त्यांतील ८ दगावले. गंभीर असे २० आले, त्यांतील ८ दगावले. एकूण १०० पैकी १६ मृत्यू. जिल्ह्याच्या रुग्णालयात उत्तेजक देत नाहीत. तेथे सौम्य २० आले, त्यांतील १ दगावला. गंभीर ८० आले, त्यांतील २४ दगावले. एकूण १०० पैकी २५ मृत्यू.

मुलांना आधी फक्त बेरीज दाखवावी, १६ आणि २५. सगळी मुले म्हणतील, उत्तेजक चांगले. मग फोड करून टक्केवारी काढायला सांगावी. सौम्य रुग्णांत उत्तेजक देऊन १० टक्के दगावले, न देता ५ टक्के. गंभीर रुग्णांत उत्तेजक देऊन ४० टक्के, न देता ३० टक्के. दोन्ही गटांत उत्तेजक वाईटच ठरते! बेरजेने फसवले, कारण दोन्हीकडचे रुग्ण सारखे नव्हते. म्हणूनच औषधांची तुलना करताना कोणाला काय द्यायचे हे नाणेफेकीसारख्या रीतीने ठरवतात. म्हणजे हलके आणि जड रुग्ण दोन्ही बाजूंना जवळपास सारखे विभागले जातात.

मग खरा उतारा कोणता?

याचा अर्थ उतारा नावाची गोष्टच नसते असा नाही. अफू, मॉर्फीन यांच्या गुंगीवर नॅलोक्सोन हे औषध आहे. अमेरिकेत त्याला १९७१ साली मान्यता मिळाली. ते मेंदूला चाबूक मारत नाही. मॉर्फीन ज्या ग्राहीवर बसते तेथून त्याला उठवून स्वतः बसते आणि गप्प राहते. अफूचा अंश नसलेल्या माणसाला ते दिले तर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. खऱ्या उताऱ्याची ही एक चांगली खूण आहे. तरीही त्याचा अंमल तासा-दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णावर नजर ठेवावीच लागते.

डायझेपामच्या वर्गातील गोळ्यांवर फ्लुमाझेनिल असेच काम करते. पण ज्याने इतर काही औषधेही घेतली आहेत किंवा ज्याला या गोळ्यांची वर्षानुवर्षे सवय आहे, त्याला फ्लुमाझेनिलने झटके येऊ शकतात. त्यामुळे विषबाधेत ते सरसकट देत नाहीत. बार्बिट्युरेटवर तर आजही खास उतारा नाही. श्वास सांभाळणे हाच तेथे मुख्य उपचार आहे.

आणि चहा? कॅफीन मेंदूतील ॲडिनोसिन या वेगळ्याच रसायनाच्या जागा अडवते. गाबाच्या दाराशी किंवा मॉर्फीनच्या ग्राहीशी त्याचा संबंध येत नाही. एक कप चहातील कॅफीन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. रात्री अभ्यासाला ते पुरेल, विषाला नाही. शिवाय गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात घातलेला कोणताही द्रव सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. दर्यापूरकडच्या त्या मुलाच्या बाबतीत घडले ते हेच.

वऱ्हाडातील विषे

आपल्या भागात झोपेच्या गोळ्यांपेक्षा शेतातली आणि गोठ्यातली विषे जास्त भेटतात. त्या मुलाने घेतलेले गोचिडाचे औषध बहुधा ॲमिट्राझ असावे. गुरांसाठी ते सर्रास वापरतात. ते मेंदूतील वेगळ्या ग्राहींना चालना देऊन गुंगी आणते. नाडी मंद होते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कमी पडतो. कुत्र्यांना ॲमिट्राझची बाधा झाली तर पशुवैद्यांकडे त्यावर उलट काम करणारी औषधे आहेत. माणसासाठी मात्र सिद्ध झालेला खास उतारा नाही. पण श्वास नीट सांभाळला तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत शुद्धीवर येतात. ही पुन्हा स्कँडिनेव्हियन पद्धतच झाली.

गंमत अशी, की बारीक बाहुल्या आणि बेशुद्धी ही कपाशीवरच्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या बाधेचीही लक्षणे आहेत. त्यामुळे एकाची दुसऱ्यात गल्लत होते. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर असे पाण्याचे प्रकार जास्त असतात. ॲमिट्राझमध्ये ते सहसा नसतात, आणि रक्तातील साखर बरेचदा वाढलेली असते. म्हणून विषाची बाटली डॉक्टरांना दाखवणे फार मोलाचे.

ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन हे मात्र खरोखर जीव वाचवणारे औषध आहे. आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही याच जातीची द्रव्ये असतात. ही कीटकनाशके एक विकर बंद पाडतात. त्यामुळे ॲसिटिलकोलीन साचते आणि फुप्फुसे स्रावाने भरतात. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनची जागा अडवून छाती कोरडी करते. लक्षात घ्या, येथेही निकष श्वासाचाच आहे. छातीतील घरघर थांबेपर्यंत डॉक्टर ॲट्रोपिन वाढवत नेतात, रुग्ण जागा होईपर्यंत नव्हे.

प्रॅलिडॉक्झाइम या दुसऱ्या औषधाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ते बंद पडलेले विकर पुन्हा चालू करते, म्हणजे कागदावर ते ॲट्रोपिनहूनही 'खरे'. बारामती येथील डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. थांबून थांबून दिलेल्या मात्रेच्या गटात ८ टक्के रुग्ण दगावले, तर सतत व जास्त प्रमाणात दिलेल्या गटात १ टक्का. श्रीलंकेतील २३५ रुग्णांवरची चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तेथे प्रॅलिडॉक्झाइम दिलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के आणि न दिलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के दगावले. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता, पण औषधाचा फायदा काही दिसला नाही. दोन्ही चाचण्या प्रामाणिक, दोन्हींत रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागलेले, आणि उत्तरे वेगळी. बारामतीत दोन्ही गटांना औषध मिळाले होते, फक्त मात्रा वेगळी होती. श्रीलंकेत एका गटाला ते मिळालेच नव्हते. म्हणजे दोन्हीकडे विचारलेला प्रश्नच एक नव्हता. हा वाद अजून मिटलेला नाही. कागदावर पटणारा उतारा आणि माणसाला वाचवणारा उतारा या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात, एवढे यातून नक्की दिसते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमून चौकशी केली. त्या हंगामात वापरलेल्या औषधांपैकी काहींवर खास उताराच नाही, काही मिश्रणे होती, आणि अनेक रुग्णांना आपण काय फवारले हे सांगता येत नव्हते. अशा वेळी डॉक्टरांच्या हाती उरतो तो श्वास, रक्तदाब आणि सतत लक्ष.

गाडी येईपर्यंत

मेळघाटातील धारणीहून अमरावतीचे रुग्णालय गाठायला तीन-चार तास लागतात. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पोचणाऱ्या अनेकांचा प्रवासही लांबचा असतो. उत्तेजकाने रुग्ण हलला म्हणून हा वेळ निभत नाही. श्वास चालू राहिला तरच निभतो. म्हणून प्रत्येक शाळेच्या फळ्यावर एकदा तरी लिहाव्यात अशा गोष्टी पुढे देतो.

बेशुद्ध किंवा पेंगणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. चहा नको, कॉफी नको, मिठाचे पाणी नको, तूप नको. उलटी करवू नये. अनेक कीटकनाशके रॉकेलसारख्या द्रावकात असतात आणि उलटीबरोबर ती फुप्फुसात जातात. श्वास चालू असेल तर त्याला डाव्या कुशीवर निजवावे, हनुवटी किंचित वर करावी, तोंडातील लाळ किंवा उलटी पुसून काढावी. अंगावर फवारा उडाला असेल तर कपडे काढून साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुवावे. मदत करणाऱ्याने शक्य तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरावी. १०८ क्रमांकाला फोन करावा. बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. घटना किती वाजता झाली ते लिहून ठेवावे. वाटेत मिनिटाला किती श्वास होतात ते मोजत राहावे. मोठ्या माणसाचे ते साधारण १२ ते २० असतात. कमी होत चालले तर रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना लगेच सांगावे. श्वास मोजणे हा तर आपल्या प्रात्यक्षिकाच्या तासाचाच भाग होऊ शकतो.

एक नाजूक गोष्टही सांगायला हवी. आपल्या भागातील पुष्कळ विषबाधा चुकून होत नाहीत. अशा वेळी 'का केलेस?' हा प्रश्न रुग्णाला, विशेषतः लहान वयाच्या मुलाला, विचारू नये. आधी श्वास, मग रुग्णालय, मग प्रेमाचे माणूस. मन सावरण्यासाठी शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. हा क्रमांक विद्यार्थ्यांना माहीत असावा.

शिबिराच्या शेवटी त्या बाईंनी विचारले, "मग शेजाऱ्यांचे चुकले असे मी गावात सांगू का?" मी म्हटले, तसे सांगू नका. त्यांनी मुलाला सोडले नाही, धावून आले, हे चांगलेच केले. त्यांना एवढेच सांगा, की पुढच्या वेळी बसवू नका, कुशीवर निजवा. चहा ठेवायचाच असेल तर तो रुग्णाबरोबर रात्रभर जागणाऱ्यांसाठी ठेवा.

बाई हसल्या. जुलैत शाळा सुरू झाल्यावर त्यांचे पत्र आले. त्यांच्या सातवीच्या मुलांनी घरोघर जाऊन गोठ्यातल्या आणि फडताळातल्या बाटल्या तपासल्या होत्या. चिठ्ठी नसलेली प्रत्येक बाटली मोठ्यांच्या देखत वेगळी काढून उंचावर, कुलपात ठेवली गेली होती. त्या मुलाच्या घरून या कामाला सुरुवात झाली, आणि पुढाकार त्यानेच घेतला होता.